दुखत नव्हतं तिथंच खोल भाजलं होतं

शिराळ्याजवळच्या आमच्या गुऱ्हाळावर काहील उतरवताना पाक माझ्या उजव्या हातावर आला. उतरायच्या वेळी पाक ११८ अंशांच्या आसपास असतो आणि वर चिकट, त्यामुळे झटकला तरी जात नाही. आबांनी हात बोअरच्या धारेखाली धरला आणि २० मिनिटं सोडला नाही. हळद, टूथपेस्ट काही लावू दिलं नाही. डॉक्टरांनी नंतर त्याबद्दल त्यांचं कौतुक केलं.

मिरजेत दाखल झालो. मनगटाकडं लालभडक, फोड आलेले. वाऱ्याची झुळूक लागली तरी जीव जायचा. कोपराखाली मात्र तळहाताएवढा पांढरट पट्टा, दुखणं जवळपास नाहीच. घरच्यांना वाटलं, तेवढं तरी वाचलं.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी थर्मल कॅमेरा आणला, मोबाइलला जोडायचा, छोटासा. फोटो क्षणात निघाला, वेळ गेला तयारीत. पट्टी सोडली, मलम अलगद पुसलं, जखम कोरडी टिपली, पंखा बंद केला आणि १५ मिनिटं नुसतं बसवलं. ‘ओल्या जखमेवरचं पाणी उडताना कातडी गार पडते, मग वरवरची जखमही खोल वाटते,’ डॉक्टर म्हणाले. एक्स-रेसारखे किरण यात नसतात. अंगातून बाहेर पडणारी उष्णताच कॅमेरा टिपतो.

दोन्ही हातांचे फोटो घेतले. मनगट केशरी, डाव्यासारखंच. कोपराखाली निळा डाग, डाव्या हाताच्या त्याच जागेपेक्षा जवळपास ३ अंश गार. तिथल्या बारीक रक्तवाहिन्या जळाल्या होत्या, मग ऊब येणार कुठून? संवेदनेच्या नसाही जळाल्या, म्हणून तर दुखत नव्हतं! हे कळलं तेव्हा पोटात गोळा आला.

तरी डॉक्टरांनी नुसत्या फोटोवर ठरवलं नाही. बोटानं दाबून रंग परत येतो का पाहिलं, सुई टोचून पाहिली. मला हे फार पटलं. कॅमेऱ्याला कळते ती वरची उष्णता. जखम किती खोल, हे माणसानंच ठरवायचं असतं.

मांडीची पातळ कातडी काढून तिथं बसवली. मनगट ३ आठवड्यांच्या आत आपसूक भरलं. पहिले काही दिवस हातापेक्षा मांडीच जास्त ठणकते, हे कुणी आधी सांगत नाही, म्हणून मुद्दाम लिहितोय. वण उचलून येऊ नये म्हणून घट्ट बाही दिवसरात्र घालावी लागते. धुवायला काढली की हात उघडा राहतो, तेव्हा सुरुवातीलाच दोन शिवून घ्या.