एवढा खटाटोप करून बोलता तरी काय?

आमच्या हॅम रेडिओ क्लबचा (हॅम म्हणजे लायसन्स घेऊन हौसेनं रेडिओवर बोलणारे) मैदानातला वीकएंड जवळ आला की घरच्यांपासून ऑफिसातल्यांपर्यंत सगळे मला हाच प्रश्न विचारतात. बॅटऱ्या वाहून न्यायच्या, उघड्यावर तंबू ठोकायचे, झाडांवर तारा चढवायच्या, रात्रभर जागायचं, आणि एवढं करून रेडिओवर तुम्ही बोलता तरी काय? तुम्ही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

बोलतो ते असं. मी माझा कॉलसाइन, म्हणजे स्टेशनची अक्षरं-आकड्यांची ओळख, सांगते, पलीकडचा त्याचा सांगतो. मी त्याला ‘फाइव्ह नाइन’ म्हणते आणि माझा अनुक्रमांक, म्हणजे हा माझा कितवा संपर्क ते, देते, तो मला त्याचा देतो. दोघं ‘थँक यू’ म्हणतो आणि मी पुढच्या स्टेशनकडे वळते. सिग्नल चांगला असेल तर वीस सेकंदांत सगळं आटोपतं. ऐकणाऱ्याचा चेहरा इथे पडतो. एवढंच?

एवढंच. एरवी संध्याकाळी आम्ही बँडवर, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या लहरींच्या पट्ट्यावर, निवांत गप्पा मारतो, पण या दोन दिवसांत संपर्क जितके जास्त तितके बरे. माझा सिग्नल त्याच्यापर्यंत गेला, त्याचा माझ्यापर्यंत आला, आणि दोघांनी एकमेकांचं अक्षर न् अक्षर बरोबर टिपलं, याची ती देवाणघेवाण म्हणजे पोचपावती असते. त्यातलं ‘फाइव्ह नाइन’ मात्र सगळेच सगळ्यांना देतात. सिग्नल कसा येतोय ते सांगण्यासाठी हा आकडा आहे, पण स्पर्धेच्या धबडग्यात त्याला काही अर्थ उरलेला नाही, आणि मला ते पटत नाही. खरी परीक्षा अनुक्रमांकाची आणि कॉलसाइनची. नंतर दोघांचे लॉग, म्हणजे संपर्कांच्या नोंदी, ताडून बघतात तेव्हा एक अक्षर जरी चुकलेलं निघालं तरी तो संपर्क बाद होतो.

हे घरात बसून करता येत नाही का? येतं की. पण घरी ऐकू येत नाही.

ही गोष्ट बाहेरच्या माणसाला पटकन कळत नाही, म्हणून इथे थोडी थांबते. एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, टीव्हीचे अडॅप्टर, गच्चीवरच्या सोलर पॅनेलचा इन्व्हर्टर, या सगळ्यांतून रेडिओच्या पट्ट्यात सतत खरखर मिसळत असते. सिग्नलची ताकद दाखवणारा माझ्या रिसीव्हरचा एस मीटर घरी ४० मीटर बँडवर (म्हणजे ७ मेगाहर्ट्झच्या आसपास) सातच्या खाली येत नाही. म्हणजे सातपेक्षा क्षीण असलेला सिग्नल माझ्यापुरता नाहीच. तोच रिसीव्हर वस्तीपासून लांब नेऊन बॅटरीवर लावला की काटा एक-दोनवर येऊन टेकतो. मीटरवरची प्रत्येक पायरी म्हणजे सिग्नलची ताकद साधारण चौपट. पाच पायऱ्या खाली उतरलं की हजार पटींनी क्षीण सिग्नल कानावर पडू लागतात. आता हेच उलटीकडून बघा. बॅटरी पुरवायची म्हणून आम्ही एका टेबलावरच्या स्टेशनवरून १०० वॅटऐवजी ५ वॅटनेच पाठवतो. ताकद विसाव्या हिश्श्यावर आली, पण पलीकडच्याच्या मीटरवर फक्त दोन पायऱ्या आणि वर थोडं कमी झालं. त्यामुळे नव्या सभासदांना मी नेहमी सांगते, मोठा ॲम्प्लिफायर घ्यायच्या आधी एकदा शांत जागी जाऊन ऐका.

अँटेना म्हणजे काय, हेही विचारतात. आमची बहुतेक वेळा साधी तार असते. अर्ध्या तरंगलांबीचा डायपोल करायचा तर १४३ ला मेगाहर्ट्झनं भागायचं, उत्तर मीटरमध्ये येतं. ७.१ मेगाहर्ट्झला २० मीटर आणि वर थोडी तार लागते. तिचे दोन सारखे तुकडे, मध्ये रेडिओकडे जाणारी कोॲक्स केबल, टोकांना इन्सुलेटर आणि दोरी. दोरीला वजन बांधून ती फांदीवरून पलीकडे टाकायची. हे काम शांतपणे करणारी दोन-तीनच माणसं प्रत्येक क्लबात असतात आणि त्यांना फार मान असतो. तार वर चढली की ॲनालायझर लावायचा. समजा एसडब्ल्यूआर (तारेकडून किती ताकद परत येते त्याचं माप, जितकं कमी तितकं बरं) सर्वांत कमी ६.९ ला दिसतोय, म्हणजे तार लांब झाली. मग ती खाली घेऊन दोन्ही टोकं साधारण २८ सेंटिमीटर मागे दुमडायची आणि पुन्हा वर चढवायची. कापायची घाई करायची नाही. दुमडलेली तार उलगडता येते, आणि ओल्या जमिनीवर किंवा वेगळ्या उंचीवर तिचं गणित परत बदलतं. मीटरवर एसडब्ल्यूआर दीडच्या खाली आला की तंबूतल्या सगळ्यांचे खांदे सैल पडतात. स्वतः मोजून बांधलेल्या तारेतून पहिलं उत्तर येतं तेव्हा काय वाटतं ते मला अजूनही नीट सांगता येत नाही.

असा कार्यक्रम ही काही आमची कल्पना नाही. अमेरिकेतल्या अमेरिकन रेडिओ रिले लीग या संस्थेनं १९३३ मध्ये पहिला फील्ड डे भरवला आणि तो आजही जूनच्या चौथ्या पूर्ण वीकएंडला होतो. वीज नाही, टॉवर नाही, पक्की इमारत नाही, अशा ठिकाणी स्टेशन किती लवकर उभं राहतं आणि किती वेळ टिकतं हे बघणं हा त्यामागचा हेतू. त्यांच्या गुणपद्धतीतही तो दिसतो. आवाजी संपर्काला एक गुण, मोर्सच्या संपर्काला दोन, आणि आणीबाणीच्या विजेवर स्टेशन चालवलं तर वेगळे बोनस गुण. मोठ्या आपत्तीत मोबाइलचे टॉवर बंद पडतात, कारण त्यांच्या बॅटऱ्याही काही तासांच्याच असतात. अशा वेळी तार झाडावर टाकायला तेव्हाच शिकू म्हणून चालत नाही.

यात एक गोष्ट मला फार आवडते. फांदीवर जेमतेम दहा मीटर उंच गेलेला ४० मीटरचा डायपोल बराचसा सिग्नल थेट वर पाठवतो. तो आयनोस्फिअरवरून, म्हणजे वातावरणातल्या उंचावरच्या विद्युतभारित थरांवरून, परावर्तित होऊन आसपासच्या काहीशे किलोमीटरांत खाली येतो. मधे डोंगर असला तरी अडत नाही. आपत्तीत नेमकी एवढ्याच अंतराची गरज असते, त्यामुळे अँटेना उंच नेता आली नाही म्हणून हळहळायचं कारण नसतं.

दुपारी ४० मीटरचा बँड जवळच्या जवळ चालतो, कारण आयनोस्फिअरचा सर्वांत खालचा डी थर उन्हात जागा असतो आणि सिग्नल शोषून घेतो. सूर्य मावळला की तो विरत जातो. वरचा एफ थर मात्र रात्रीही टिकतो, आणि सिग्नल त्याच्यावरून उड्या घेत हजारो किलोमीटर जातात. जेमतेम तासाभरात बँडवरची माणसं बदलतात. शेजारच्या गावांचे आवाज मागे पडतात आणि खालून दूरदेशीचे उच्चार वर येऊ लागतात. मी ४० मीटरच्या टेबलावरची माझी पाळी कुणाला देत नाही.

अशाच एका रात्री हेडफोनमध्ये फक्त ‘झुलू लिमा’ एवढं आलं आणि सिग्नल बुडाला. झुलू लिमा म्हणजे झेड एल, आणि झेड एलनं सुरू होणारा कॉलसाइन म्हणजे न्यूझीलंड. मी म्हटलं, ‘झुलू लिमा स्टेशन, अगेन.’ आकडा मिळाला, अक्षरं गेली. पुन्हा विचारलं. पहिलं अक्षर मिळालं. शेजारी लॉग लिहिणारा पोरगा श्वास रोखून कीबोर्डवर बोटं ठेवून बसला होता. पुन्हा. शेवटची अक्षरं आली, मी पूर्ण कॉलसाइन परत म्हणून दाखवला, पलीकडून ‘रॉजर, रॉजर’ आलं. आता अनुक्रमांक. ‘फाइव्ह’ की ‘नाइन’? खरखरीत हे दोन्ही सारखेच ऐकू येतात, म्हणून रेडिओवर ‘नाइनर’ म्हणायची पद्धत आहे. त्यानं न सांगता तसंच म्हटलं. वीस सेकंदांचं काम कितीतरी मिनिटं चाललं, आणि तेवढ्या वेळात दुसरी बरीच स्टेशनं मिळाली असती. त्या पोरानं नंतर मला तेच विचारलं. माझं मत ठाम आहे: समोरचा आपल्याला उत्तर देतोय हे कळल्यावर त्याचं पूर्ण ऐकल्याशिवाय डायल फिरवायचा नाही.

हल्ली एफटी ८ आहे. २०१७ पासून ही डिजिटल पद्धत जगभर पसरली. पंधरा-पंधरा सेकंदांच्या पाळीनं संगणकच पाठवतो आणि कानाला ऐकूही न येणारे सिग्नल उलगडून दाखवतो. आमच्याकडे त्याचं एक टेबल असतं, आणि दिवसाअखेर त्याचा लॉग बहुतेक सर्वांत लांब भरतो. मला त्याचं कौतुक आहे. पण आपत्तीतला निरोप घेताना घाबरलेल्या माणसाचं तुटक बोलणं समजून घ्यावं लागतं, ती सवय हेडफोन लावल्यानंच होते. म्हणून नव्या माणसाला मी आधी आवाजाच्या टेबलावर बसवते, मग मोर्सच्या.

तुम्हाला बघायला यायचं असेल तर दुपारी येऊ नका. दुपारी आम्ही केबली सोडवत असतो किंवा पेंगत असतो. सूर्य मावळायच्या अर्धा तास आधी या आणि ४० मीटरच्या टेबलाशी बसा, जादा हेडफोन आम्ही देऊ. लायसन्सशिवाय स्वतः ट्रान्समिट करता येणार नाही, पण ऐकायला आमच्या टेबलावर कुणाची ना नाही. कागद-पेन्सिल जवळ ठेवा आणि जे कॉलसाइन ऐकू येतील ते लिहीत जा, अर्धवट असले तरी. नंतर आपण ते आमच्या लॉगशी ताडून बघू.