दोन डोळ्यांच्या मधले अडीच महिने

गेल्या रविवारी सोलापुरात सायकलवर सोरेगावपर्यंत जाऊन आले. चष्म्याशिवाय! सातवीपासून नाकावर चष्मा, शेवटी नंबर उणे सात. विजापूर रोडवर कंबर तलावाच्या अलीकडे एका दुकानाची पाटी लांबूनच वाचता आली, तेव्हा सायकल थांबवून ती पुन्हा वाचली.

मोतीबिंदूच्या ऑपरेशनचं सांगण्यासारखं काही नाही. फेको केलं, म्हणजे बारीक छेदातून मोतीबिंदू काढून आत लेन्स बसवली. दुखलं नाही, त्याच दिवशी घरी.

अडकले ती दोन डोळ्यांच्या मधे. डावा दिवाळीनंतर झाला, उजवा तीन आठवड्यांनी करायचा ठरला होता. डाव्याचे पैसे मी पदरचे भरले होते. ते विम्यातून परत आल्याशिवाय उजव्याचे भरणार कुठून? आधी पत्र आलं, लेन्सचं मूळ स्टिकर जोडा. लेन्सच्या डबीत पॉवर आणि सिरियल नंबर छापलेली स्टिकरं असतात, त्यातलं एक. झेरॉक्स चालत नाही. दवाखान्यात ते केसपेपरवर चिकटवलेलं होतं, सिस्टरनी खटपट करून जादाचं शोधून दिलं. पंधरा दिवसांनी दुसरं पत्र, बिलात लेन्सची किंमत वेगळी दाखवा. दाखवली. मग तिसरं, ए-स्कॅनचा, म्हणजे लेन्सचा नंबर ठरवायला घेतलेल्या डोळ्याच्या मापांचा, रिपोर्ट पाठवा. तो पहिल्याच दिवशी दिला होता, पोच माझ्याकडे आहे! तिन्ही गोष्टी एकदम मागितल्या असत्या तर दुसऱ्या दिवशी नेऊन दिल्या असत्या. याचा राग अजून गेलेला नाही.

तोवर डाव्याला लांबचं लख्ख आणि उजवा उणे सातच. चष्मा लावला की उजव्याला सगळं लहान दिसायचं, दोन चित्रं जुळतच नसत. सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या मिरवणुकीत ते उंच सजवलेले नंदीध्वज मी एक डोळा झाकून पाहिले. जिना कठडा धरून उतरायचे. अंतराचा अंदाजच येईना, म्हणून डॉक्टरांनी सायकल बंद केली. शेवटी त्यांनीच उजव्या डोळ्याला कॉन्टॅक्ट लेन्स दिली आणि डोकेदुखी थांबली. मोठा नंबर असेल तर हे पहिल्या ऑपरेशनच्या आधीच विचारा. दुसऱ्या डोळ्याची मापं घेण्यापूर्वी मात्र ती लेन्स काही दिवस काढून ठेवावी लागते.

उजवा झाला फेब्रुवारीत. सायकलला परवानगी महिन्याने मिळाली. चष्मा गेला की धूळ आणि चिलटं थेट डोळ्यांत येतात, तेव्हा साधा पारदर्शक गॉगल घालाच. माझ्या लेन्स लांबच्या नजरेच्या आहेत, म्हणून चेन बसवायला वाचायचा चष्मा सायकलच्या पिशवीत असतो. हो, थेंबांचं राहिलंच: दोन औषधांमध्ये दहा मिनिटं सोडायची, आणि बरं वाटलं म्हणून मधेच बंद करायची नाहीत. डोळ्यात वीज चमकल्यासारखं झालं, अचानक काळे ठिपके वाढले किंवा पडदा सरकल्यासारखा वाटला, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. जास्त उणे नंबरवाल्यांना डोळ्याच्या आतला मागचा पडदा (रेटिना) सुटण्याचा धोका अधिक असतो.

शेजारच्या वहिनींचं ऑपरेशन बुधवारी आहे. स्टिकर मागून घ्यायला मी स्वतः बरोबर जाणार आहे.