खुराड्याची सुरुवात दांडीपासून करा

परसात चार-सहा कोंबड्या पाळायचं ठरलं की सगळं लक्ष जाळी, पत्रा, दार, कडी ह्यातच जातं आणि रात्री बसायची दांडी अगदी शेवटी, कुठलातरी उरलेला तुकडा सापडला की तो आडवा ठोकून मोकळे होतात. मला वाटतं हे उलट करायला पाहिजे. कोंबडी खुराड्यात येते ती मुख्यतः झोपायला आणि झोपते ती दांडीवर, रोज संध्याकाळपासून उजाडेपर्यंत. म्हणून आधी दांडी किती लांब, किती उंच, कुठल्या भिंतीकडे ते ठरवा आणि मग तिच्याभोवती खुराडं बांधा.

उंचावर झोपणं हे तिच्या रक्तातच आहे. तिचे पूर्वज म्हणजे तांबडे रानकोंबडे, ते आजही रात्री झाडावरच बसतात, आणि अंधारात कोंबडीला फारच कमी दिसतं त्यामुळे जमिनीवर राहिली तर ती रात्रभर बिचकलेली असते.

आता जाडी. इथे बरेच जण पोपटाच्या पिंजऱ्यासारखी बारीक काठी लावतात आणि तिथेच घोळ होतो. कोंबडी दांडी मुठीत पकडून झोपत नाही, ती पाय दुमडून पोट टेकवून बसते, म्हणजे वजन पायावर येतं तसं छातीच्या हाडावरही येतं. हे हाड कोवळ्या वयात पूर्ण टणक झालेलं नसतं, बारीक किंवा धारदार दांडीवर रोज दाबलं गेलं की वाकडं होतं आणि मग ते सरळ होत नाही. म्हणून २ इंची चौकोनी लाकूड घ्या, वरचे दोन्ही कोपरे रंध्याने गोल करा, वरून पॉलिश पेपर मारा, झालं. थंडी जास्त पडत असेल तर ४ इंची फळी आडवी टाकली तरी चालते, तिच्यावर बसली की पायाची बोटं पिसांखाली पूर्ण झाकली जातात. कूस मात्र एकही राहू देऊ नका, तळपायात कूस गेली की तिथून जंतू शिरतात, गाठ येते, वर काळी खपली धरते आणि कोंबडी लंगडायला लागते, बंबलफूट म्हणतात ते हेच. पीव्हीसी पाइप आणि लोखंडी पाइप मला अजिबात पटत नाहीत, पाय घसरतो, आणि लोखंड तर थंडीत गार उन्हाळ्यात गरम. झाडाची फांदी चांगली, पण साल पूर्ण सोलून. बांबू लावलात तर पेरापेराला चिरा आहेत का ते बघा आणि पोकळ टोकं बंद करा, का ते पुढे सांगते.

लांबी धरताना एका कोंबडीला ८ ते १० इंच, मोठ्या अंगाच्या जातीला १२. युरोपियन युनियनच्या १९९९ च्या नियमात अंड्यांच्या कोंबड्यांना प्रत्येकी किमान १५ सेंटिमीटर म्हटलंय, पण ते मोठ्या फार्मसाठीचं किमान आहे, घरी एवढी कंजुषी कशाला. थंडीत त्या एकमेकींना चिकटून बसतील आणि निम्मी दांडी रिकामी दिसेल, तरी कापू नका, उकाड्यात त्याच पंख सैल सोडून लांब लांब बसतात. भिंतीपासून फूटभर अंतर ठेवा, नाहीतर शेपटी घासते. दोन दांड्या असतील तर मधे फूटभर, आणि एकीच्या बरोबर खाली दुसरी कधीच नको, वरच्यांची शीट खालच्यांच्या पाठीवर पडते. मी तर दोन्ही एकाच उंचीला लावते, कारण वर-खाली लावल्या की सगळ्यात वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी टोचाटोची.

उंचीचं गणित असं की दांडी अंडी घालायच्या पेटीपेक्षा उंच हवी. पेटी उंच असली की त्या पेटीतच झोपायला जातात आणि सकाळी अंडी घाणीत लोळलेली. दोन-अडीच फूट पुष्कळ झालं, जड जातींना दीड फुटाच्या आतच. चढताना त्या कशाही चढतात, त्रास होतो तो उतरताना, म्हणून दांडीसमोर तिच्या उंचीएवढी तरी मोकळी जमीन सोडा, म्हणजे तिरकी झेप घेता येते, खाली भुसा जाड पसरा.

सगळ्यात महत्त्वाचं, दांडी खिळ्यांनी ठोकू नका!! लाल माइट्स म्हणजे रक्त पिणाऱ्या बारीक किडी दिवसा कोंबडीच्या अंगावर नसतातच, त्या दांडीच्या टोकाला, फटीत, सालीखाली लपलेल्या असतात आणि रात्री बाहेर येऊन रक्त पितात. उबदार हवेत आठवड्याभरात नवी पिढी तयार आणि रक्त न मिळता महिनोन्महिने जगतात, त्यामुळे खुराडं काही दिवस रिकामं ठेवून काही होत नाही. तुरा फिका पडलाय, अंडी कमी झाली, कोंबड्या संध्याकाळी आत जायला टाळाटाळ करतायत, असं दिसलं की रात्री पांढरा टिश्यू पेपर दांडीच्या खालच्या बाजूने फिरवा, लाल रेघा उमटल्या तर समजा आहेत. म्हणून भिंतीला इंग्रजी यू आकाराच्या लाकडी खाचा बसवायच्या आणि दांडी त्यात नुसती ठेवायची. उचलली, बाहेर नेली, टोकांवर आणि खाचांवर उकळतं पाणी ओतलं, कडक उन्हात वाळवली, परत ठेवली. मात्र खाच घट्ट हवी, दांडी गरगर फिरायला लागली की कोंबड्या तिच्यावर बसत नाहीत. दांडी लांब असेल तर चार फुटांवर मधे एक टेकू द्या.

रात्रीची सगळी शीट दांडीखालीच पडते, तिथे एक फळी किंवा ट्रे सरकवून ठेवा आणि रोज सकाळी खरवडा, अमोनियाचा वास खूप कमी होतो. हवेची झरोकी त्यांच्या डोक्याच्या वर ठेवा, थेट अंगावर वारा नको.

नवीन आणलेल्या कोंबड्या कोपऱ्यात जमिनीवरच बसल्या तर अंधार पडल्यावर हळूच उचलून दांडीवर ठेवा, तीन-चार दिवसांत आपल्या आपण चढतात. सिल्की जातीला उडता येत नाही, तिला बुटकी दांडी नाहीतर जमिनीवर कोरडा भुसा. पिल्लांना दोन-तीन आठवड्यांची झाली की चार बोटं उंचीची दांडी द्या, लहानपणी चढ-उताराची सवय लागली तर मोठेपणी धडपडत नाहीत, आणि ती वाढतील तशी दांडी वर सरकवायची, त्यामुळे खाचा सुरुवातीलाच दोन-तीन उंचींवर बसवून घ्या, नंतर भुशाने भरलेल्या खुराड्यात वाकून ड्रिल चालवणं फार त्रासाचं होतं.