तिसऱ्या वचनापासून

धाकट्या भावाच्या आजारपणात बायबलमधलं १२१ वं स्तोत्र मी इतक्या वेळा म्हटलं होतं, की ते खास माझंच वाटू लागलं होतं. ‘मी आपली दृष्टी डोंगरांकडे लावतो, मला साहाय्य कोठून येईल?’ संडेस्कूलपासून पाठ असलेल्या या ओळी. मंडळीतल्या गटाबरोबर पवित्र भूमीच्या यात्रेला निघाले तेव्हा मनात मागणं एकच होतं, आणि ते मागायला स्तोत्रही एकच.

यरीहो समुद्रसपाटीच्या खाली साधारण २५० मीटर आणि यरुशलेम वर साधारण ७५० मीटर. मधलं अंतर पंचवीसेक किलोमीटर. शुभवर्तमानात लोक यरुशलेमला ‘वर’ जातात आणि चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यातला माणूस यरीहोला ‘खाली’ उतरत असताना लुटारूंच्या हाती सापडतो, ते का, हे इथे पोटऱ्या सांगतात. आम्ही यरीहोकडून वादी केल्टच्या घळीत शिरलो. फेब्रुवारी असूनही अकराच्या सुमाराला ऊन चांगलंच चटकायला लागलं. भूमध्य समुद्रावरून येणारा पाऊस यरुशलेमच्या पश्चिम उतारावरच बराचसा पडून जातो, म्हणून डोंगराची ही बाजू कोरडीठाक. दोन्हीकडे पिवळट कडे, मध्ये पाण्याचा पाट, आणि पलीकडच्या कड्याला बिलगलेला संत जॉर्जचा मठ. पाचव्या शतकापासून, मधला बराच काळ ओस गेला तरी, तिथे साधू राहत आले आहेत.

इथले डोंगर बघून धीर येत नाही. वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही, पायाखालचे गोटे निसटतात. स्तोत्रातला पहिला प्रश्न भीतीतून आला आहे, हे मला त्या घळीतच पटलं. घरी म्हणताना मी डोंगर म्हणजे देवाचा आधार असंच धरून चालत असे.

एका चढावर माझा पाय घसरला. पडले नाही, पण छाती धडधडत होती. मागून येणाऱ्या मावशींनी दंडाला धरलं आणि तसंच धरून ठेवून त्या पुटपुटल्या, “तो तुझा पाय ढळू देणार नाही, तुझा रक्षक डुलकी घेणार नाही.” हे वचन मला उलटसुलट पाठ होतं. पण दुसऱ्या कुणी ते माझ्यासाठी म्हटल्याचं मला आठवत नाही.

तेव्हा लक्षात आलं, की हे स्तोत्र एका माणसाचं नाहीच. पहिली दोन वचनं ‘मी’ म्हणणाऱ्याची. तिसऱ्यापासून आठव्यापर्यंत बोलणारा दुसरा कुणी आहे आणि तो पहिल्याला ‘तू’ म्हणतो. वाटसरू घाबरून विचारतो, स्वतःच एक उत्तर देतो, आणि मग सोबतचं कुणीतरी ते उत्तर त्याच्या पदरात घालतं. मी इतकी वर्षं दोघांचंही एकटीच बोलत आले होते.

मठाजवळच्या सावलीत पाळकसाहेबांनी १२० ते १३४ ही पंधराही आरोहणस्तोत्रं, म्हणजे यरुशलेमच्या यात्रेला वर चढताना गायची गाणी, सलग वाचायला लावली. प्रत्येकाच्या वाट्याला एक. १३२ वं सोडलं तर सगळी छोटी आहेत, १३१ व्यात तर तीनच वचनं. १२० व्यात माणूस परक्या, भांडखोर लोकांत राहून कंटाळला आहे. तो शांतीचं बोलतो, त्यांना लढाई हवी आहे. तिथून वाट सुरू होते. पुढे डोंगर, मग नगराच्या वेशी, आसवं गाळत केलेली पेरणी, घरातली मुलंबाळं, खोल गर्तेतून मारलेली हाक, १३३ व्यात एकत्र राहणारी भावंडं आणि शेवटी रात्री देवाच्या घरात उभे असलेले सेवक. माझं १२१ वं या वाटेवरचं दुसरं पाऊल होतं, आणि मी तिथेच मुक्काम ठोकून बसले होते.

बारा वर्षांचा येशू वल्हांडण सणाला यरुशलेमला गेला तेव्हा नातलगांचा नि ओळखीच्यांचा मेळा एवढा मोठा होता, की परतताना तो सोबत नाही हे आईबापांना दिवसभर कळलं नाही, असं लूक सांगतो. अशा मेळ्यातून जाणाऱ्या मुलाला ही गाणी ठाऊक असणारच. शेवटच्या खेपेला तो यरीहोहूनच वर चढला, म्हणजे याच चढणीने. परमेश्वर तुला सर्व अनिष्टापासून राखील असं म्हणणारं स्तोत्र, आणि वर गेल्यावर वधस्तंभ. या दोन गोष्टी मी आजवर शेजारी ठेवून पाहिल्याच नव्हत्या. राखणं म्हणजे दुखणं येऊच न देणं असेल, तर पित्याने पुत्राला राखलं नाही असं म्हणावं लागेल. पण कबरेतून उठवलेल्याला राखलं नाही, असं कोण म्हणेल? भावासाठी मी जे मागत होते ते देवाच्या देण्याच्या मानाने फार थोडं होतं. त्याचं बरं होणं मी अजूनही मागते. फक्त देवाचं खरेपण आता त्याच्या रिपोर्टवर टांगून ठेवत नाही.

पुढचा चढ आम्ही गाडीने पार केला. मग जैतुनांच्या डोंगरावरून पायी उतरून नगरात गेलो. दुसऱ्या दिवशी यहुद्यांच्या प्राचीन मंदिराच्या दक्षिणेकडच्या पायऱ्यांवर बसलो. उत्खननात मोकळ्या झालेल्या या पायऱ्या एक रुंद, एक अरुंद अशा आहेत, त्यामुळे धावत चढता येत नाही. तिथे मावशींनी १२२ वं वाचलं. माझे बंधू व सोबती यांच्याकरता मी तुझी शांती मागतो, असं त्यात यरुशलेमला म्हटलं आहे. मी एका भावासाठी मागायला आले होते. आजूबाजूला अनेक भाषांत प्रार्थना चालली होती आणि ज्या नगरात आम्ही बसलो होतो तिथल्या कितीतरी यहुदी आणि अरब घरांत एकमेकांची भीती आहे. त्या पायऱ्यांवर मी पहिल्यांदाच अनोळखी माणसांच्या भावांसाठी, दोन्ही बाजूंच्या, नावं ठाऊक नसताना मागितलं.

आता मंडळीत कुणी ऑपरेशनला निघालं, कुणाचं लेकरू दूरगावी चाललं, की मी त्यांच्याकडे जाते. पहिली दोन वचनं त्यांनाच म्हणायला सांगते. आवाज फुटत नसेल तर थांबते. मग तिसऱ्यापासून मी वाचते.