पथ्याची भावकी

कोकणात जन्मलेल्या माणसाला गहू सोसू नये, ही दैवाने त्यातल्या त्यात केलेली मेहेरबानीच म्हणायची. हेच दुखणं पंजाबात निघालं असतं तर रोजचं ताटच पालथं घालावं लागलं असतं. इथे घावन आहेत, आंबोळ्या आहेत, तांदळाची भाकरी, नाचणीची भाकरी, शिरवाळे, पातोळे, सांदणं, उकडीचे मोदक. आमच्या आजीकडे पोळी सणावारी व्हायची, आणि त्या दिवशीही आजोबा भात आल्याशिवाय जेवण झालं असं म्हणायचे नाहीत. त्यामुळे माझ्या मुलीला सिलिअ‍ॅक हा आतड्याचा आजार निघाला आणि डॉक्टरांनी गहू, जव, राय (हेही गव्हासारखंच एक धान्य) जन्मभर बंद म्हणून सांगितलं, तेव्हा घरातल्या मोठ्यांनी एकमुखाने विचारलं, "मग बंद काय झालं?"

काय काय बंद झालं ते काकींच्या पुस्तकातून कळलं.

काकी राजापूरकडच्या. पुस्तक त्यांनी पदरमोड करून छापलेलं. दोन स्टेपल मारलेलं, मुखपृष्ठावर बिडाच्या तव्यावरचं घावन, तेही एका कडेने जरा जळकंच. (बदला म्हटलं तर म्हणाल्या, पहिलं घावन जळतंच, लोकांना खरं कळू दे.) आतल्या कृती कोकणातल्या कुठल्याही बाईला येतील अशाच. पण प्रत्येक कृतीखाली एक ओळ ठरलेली : 'यात गहू कुठून शिरतो.' आणि तो कुठून कुठून शिरतो! फोडणीतून शिरतो, कारण डबीतल्या हिंगात बहुतेकदा कणीक नाहीतर मैदा मिसळलेला असतो. सुरमईच्या तुकडीला लावलेल्या रव्यातून शिरतो. कोंबडीवड्यांच्या पिठात मूठभर गहू टाकणारी घरं आहेत. थालीपिठाच्या भाजणीत तो असतोच.

गिरणीवर तर त्यांनी दीड पान खर्ची घातलंय. पाकिटावर 'ग्लूटेन-फ्री' छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लूटेन, म्हणजे गव्हा-जवातलं ते बाधणारं चिकट प्रथिन, चालत नाही, असा आपल्याकडचा नियम आहे. आणि आपण निर्मळ तांदूळ धुऊन वाळवून नेतो, तो गिरणीवाला नुकत्याच काढलेल्या कणकेच्या मागोमाग टाकतो. काकींचा उपाय : गिरणीवाल्याशी गोडीत राहावं, सकाळचं पहिलं दळण आपलं ठेवावं, गिरणी झाडून घ्यावी, तरीही सुरुवातीचं किलोभर पीठ कोंबड्यांना घालावं. कोंबड्या नसतील तर शेजाऱ्यांना. हे त्यांनी छापलंय, मी मनचं सांगत नाही.

पण मला विचाराल तर त्यांचं खरं शहाणपण सत्यनारायणाच्या शिऱ्यात आहे. लग्नातली पुरी नको म्हणता येते, वाढदिवसाचा केकही. प्रसाद नको म्हणून बघा. माझ्या मुलीने हात मागे घेतला तेव्हा यजमानीणबाईंच्या चेहऱ्यावर जे उमटलं, ते मी अजून विसरले नाही. काकींनी लिहिलं : तांदळाचा रवा काढावा, तुपावर गुलाबी भाजावा, सव्वाचं माप सोडू नये, केळं घालावं, आणि वेगळ्या वाटीतून त्याचाही नैवेद्य दाखवून घ्यावा. भटजींनी हरकत घेतली तर, कंसात, 'त्यांना आधी चाखायला द्यावा.'

काकींचं स्वतःचं दुखणं उघडकीला आलं तेव्हा पन्नाशी उलटून गेली होती. तोवर 'हिचं पोट नाजूक' आणि 'हिला रक्त कमी' यावर निभावलं. या आजारात ग्लूटेनने लहान आतड्याच्या आतली बारीक लव झिजते. मग खाल्लेलं लोह, कॅल्शियम अंगी लागत नाही, आणि वर्षानुवर्षं हे चाललं की हाडं ठिसूळ होतात. आषाढात मागीलदारी शेवाळावरून पाय घसरल्याचं निमित्त झालं आणि काकींचा खुबा मोडला. रत्नागिरीला ऑपरेशन झालं. दवाखान्याचा नाश्ता रव्याचा उपमा नाहीतर टोस्ट, दुपारी पोळी. कँटीनवाल्याला सांगितलं तर त्याने मोठ्या मनाने पोळी बाजूला ठेवली आणि त्याच हाताने, त्याच पळीने भात वाढला.

मग आमच्यासारख्या पथ्यवाल्या घरांतून डबे सुरू झाले. पहिला डबा पावसहून आला. नंतर लांज्याहून, संगमेश्वरहून. लांबचे डबे एसटीने. कंडक्टरच्या हाती पिशवी द्यायची आणि गाडीचा नंबर फोन करून कळवायचा, ही आमची जुनीच कुरिअर सेवा. डबे पाठवणाऱ्यांतले निम्मे लोक एकमेकांना कधी भेटलेलेही नव्हते. सगळ्यांची ओळख काकींच्या फोनपुरती, 'माझ्या पोराला आंबोळी वातड होते' इथवरची. आमच्यातल्या एका औषधवाल्याने काकींच्या प्रत्येक गोळीची कंपनी शोधून स्टार्च कशाचा ते विचारलं. बहुतेकदा तो मक्याचा नाहीतर बटाट्याचा असतो, पण क्वचित गव्हाचाही निघतो म्हणे. एका गोळीसाठी त्याने इतके फोन केले की शेवटी तिकडचा माणूस काकींची तब्येत विचारू लागला.

एकच पदार्थ आवडणारी माणसं जमली की भांडतात, मोदकाच्या कळ्यांवरूनही अबोला धरतात. एकच पदार्थ वर्ज्य असलेली माणसं धरून राहतात, असं माझं मत आहे. पंगतीत ज्याला रोज आपलं पान वेगळं मांडावं लागतं, त्याला दुसरं वेगळं पान लांबूनच दिसतं. या पथ्याचं शास्त्रदेखील भुकेतूनच आलंय. विलेम डिके नावाच्या डच बालरोगतज्ज्ञाला गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये पाव मिळेनासा झाला. सगळा देश उपाशी, आणि ही आजारी मुलं मात्र सुधारली. पाव परत आला, तशी पुन्हा खाली गेली. १९५० साली त्याने प्रबंध लिहिला. काकींना ही गोष्ट फार आवडते, फक्त 'त्या मुलांना तेव्हा खायला काय दिलं असेल' हा त्यांचा प्रश्न काही सुटत नाही.

आता काकी रत्नागिरीतच भाचीकडे आहेत. नागपंचमीला मी पातोळे नेले. त्यांनी हळदीचं पान सोलून पातोळ्यावर उठलेल्या शिरा निरखल्या, एका बोटाने दाबून बघितलं आणि म्हणाल्या, "पिठी गेल्या वर्षीच्या तांदळाची. चालेल." पडल्यापडल्या त्यांच्या ध्यानात आलं की पुस्तकात आजाऱ्याच्या जेवणाचं प्रकरणच नाही. भाचीला वही आणायला लावली. उकड्या तांदळाची पेज झाली, मऊ भात झाला, कुळथाची पिठी झाली, आणि मेतकुटापाशी गाडी अडली. आजाऱ्याला बघायला येणारा जो तो मेतकुटाची बरणी घेऊन येतो, आणि मेतकुटात गहू घालायची रीत. तो काढायचा यावर दुमत नाही. त्याच्या जागी काय, यावर मात्र वर म्हटलेलं माझं मत साफ कोसळलं. लांज्याचे मास्तर ज्वारी म्हणतात. पावसच्या बाई म्हणतात, काही नको, हरभऱ्याची डाळ वाढवा. औषधवाला म्हणतो, तांदूळच दुप्पट घ्या. मास्तर आणि पावसच्या बाई सध्या काकींमार्फतच बोलतात.

प्रत्येकाने आपापलं भाजून, दळून बरणी पाठवली आहे. काकी रोज दुपारी मऊ भातावर तूप घालून एकेक चाखतात आणि भाची वहीत निकाल उतरवते. ज्वारीचं 'टाळूला चिकटतं'. डाळीचं 'ही चटणी झाली'. तांदळाचं 'नवजात बाळाला द्या'. माझ्या बरणीत मी नाचणी घातली होती. काकींनी दोन घास खाल्ले, तिसरा घेतला.

"तुझं जमलंय गो," म्हणाल्या. "पण जिरं करपलं. मंगळवारी परत करून आण. आणि पोरीला घेऊन ये, तिची जीभ तुझ्यापेक्षा बरी आहे."