घंटा आणि भोंगा

टोरांटोच्या थंडीला वैतागून लोक क्यूबाला बीचवर लोळायला जातात, आम्हीपण त्यासाठीच गेलो होतो, पण चार दिवसांत लोळून लोळून अंग आंबलं म्हणून दोन दिवस त्रिनिदादला गेलो. क्रिकेटवालं त्रिनिदाद नव्हे हो, हे क्यूबातलं गाव, आईला फोनवर तीनदा सांगावं लागलं.

१५१४ साली स्पॅनिश लोकांनी वसवलेलं गाव. रस्त्यांवर सगळीकडे गुळगुळीत गोटे, आणि रस्ता मधोमध खोलगट, म्हणजे पावसाचं पाणी मधून वाहून जावं. पहिल्याच तासाला माझ्या चपलेचा अंगठा निसटला. जिच्या घरात खोली घेतली होती त्या मावशींनी काही न विचारता चप्पल काढून घेतली, तारेचा तुकडा आणला, पक्कडीने दोन पीळ दिले की झालं! हे सगळं खिडकीत बसून, कारण तिथे सगळं खिडकीतच चालतं. खिडक्या जवळजवळ जमिनीपासून वरपर्यंत, गज लावलेल्या, रस्त्यावर जरा पुढे आलेल्या, आतला माणूस खुर्चीत आणि बाहेरचा गजाला धरून उभा, तास तास गप्पा.

सगळे म्हणतात काय छान जपलंय. मला विचाराल तर सुरुवातीला जपलं वगैरे कुणी नाही, पैसेच नव्हते. साखरेवर गब्बर झालेलं गाव, एकोणिसाव्या शतकात धंदा बसला, पैसा शेजारच्या सिएनफुएगोस बंदराकडे गेला, मग जुनं पाडून नवं बांधणार कोण? युनेस्कोचा शिक्का बसला तो १९८८ मध्ये.

दुसऱ्या दिवशी साखर कारखान्यांच्या खोऱ्यात गेलो. एकेकाळी पन्नासच्या वर कारखाने होते म्हणे, आता अवशेष. तिथल्या मनाका इस्नागा या मळ्यावर मळेवाल्याचा ४५ मीटर उंच मनोरा आहे, १८१६ चा, लाकडी जिने चढताना पाय लटपटतात. वरून गुलामांवर नजर ठेवायची आणि घंटा वाजवून त्यांना कामाला लावायचं, थांबवायचं. गुलामगिरी तिथे १८८६ ला संपली.

मी सांगलीची. आमच्याकडे कारखान्याचा भोंगा झाला की आई कुकर लावायची, आजोबा घड्याळ जुळवायचे. कारखान्याचा आवाज म्हणजे घरचाच आवाज, असं इतकी वर्षं डोक्यात. ती घंटा आता खाली अंगणात ठेवलीय, लोक फोटो काढतात. मी हात लावला तर उन्हाने चटका बसण्याइतकी तापलेली.

तिथेच जुन्या चरकात उसाचा रस काढून देतात. ग्वारापो म्हणतात. आलं नाही, मीठ नाही, नुसता गोडमिट्ट. नवऱ्याने त्यात रम घालून घेतली आणि परतीच्या टॅक्सीत गाव येईपर्यंत घोरला.