तुम्ही विचारलंत म्हणून: माळकरी बाई त्या फाटकाशी का उभी राहते

"काकू, तुम्ही माळकरी. मग हवाई तळाच्या फाटकाशी फलक घेऊन कशाला उभ्या राहता?" अमेरिकेतल्या सिरॅक्यूजच्या आमच्या मराठी मंडळींत हे कुणी ना कुणी विचारतंच. परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगते.

भेंडीमुळे.

२४ ऑक्टोबर २०१२ला पाकिस्तानातल्या उत्तर वझिरिस्तानात मोमिना बीबी नावाची एक आजी शेतात भेंडी खुडत होती. अमेरिकन ड्रोनच्या हल्ल्यात ती तिथेच गेली, जवळची नातवंडं जखमी झाली. वर्षभराने तिचा शिक्षक मुलगा दोन लेकरांना घेऊन वॉशिंग्टनला आला. तिथल्या सुनावणीला अमेरिकन खासदार आले पाच. तेरा वर्षांचा नातू तिथे म्हणाला, मला आता निळं आकाश आवडत नाही, ढगाळ बरं. ढग असले की ड्रोन उडत नाहीत. हे वाचलं तेव्हा माझ्यासमोर विळी होती आणि भेंडी अर्धी चिरून झाली होती. ती तशीच राहिली.

आणि आमच्या हॅनकॉक तळावर बसून दूरदेशी उडणारे रीपर नावाचे हल्ल्याचे ड्रोन चालवतात. घरापासून गाडीने बारा मिनिटं.

फाटकाशी माझ्या शेजारी क्वेकर, म्हणजे युद्धाला नकार देणाऱ्या ख्रिस्ती पंथाचे आजोबा असतात, कॅथलिक बायका असतात. हे लोक माझ्या कितीतरी आधीपासून उभे आहेत. २००९मध्ये नेवाडा राज्यातल्या क्रीच हवाई तळावर ड्रोनविरोधात उभ्या राहिलेल्या चौदा जणांना अटक झाली, त्यांत पाद्री होते. जानेवारी २०१५मध्ये प्रिन्स्टनच्या धर्मशास्त्र विद्यालयात ख्रिस्ती, ज्यू, मुस्लिम असे सगळे जमले. हे हल्ले थांबवा, कोणत्या कायद्याने मारता ते सांगा, आणि मेलेल्यांचा हिशेब द्या, एवढंच त्यांचं मागणं.

त्यातलं हिशेबाचं मागणं मला फार जवळचं वाटतं. पितृपक्षात आपण नाव घेऊन पाणी सोडतो. ज्यांचं मागे कुणी नाही, त्यांच्यासाठीही सोडतो. २०१६मध्ये ओबामांनी दरवर्षी मृतांचे आकडे जाहीर करण्याचा आदेश काढला होता. नावं नाहीत, नुसते आकडे. मार्च २०१९मध्ये ट्रम्प यांनी तेही बंद केलं.

माझा भाचा म्हणतो, ड्रोन नसतील तर बॉम्ब टाकणारी विमानं जातील, माणसं जास्त मरतील. त्याचं म्हणणं मी उडवून लावत नाही. पण आपल्या बाजूची एकही शवपेटी घरी येत नाही, तेव्हा कुणाला मारलं हे विचारायलाही कुणी उरत नाही. ही भीती आता आपल्या देशासाठीही वाटते. भारताने ऑक्टोबर २०२४मध्ये याच जातीच्या ३१ ड्रोनचा करार केला. सीमा राखायला हवी, मान्य. पण कुणावर, कुणाच्या हुकुमाने आणि नंतर जाब कोण देणार, हे आधी ठरायला नको?

संध्याकाळी पाळी सुटते, गाड्या बाहेर पडतात. एकदा एका गाडीत मागे बाळाची रिकामी खुर्ची होती. गणवेशातल्या मुलाने माझ्या फलकाकडे पाहिलं. त्यावर मोमिना बीबीचं नाव आहे, इंग्रजीत आणि खाली देवनागरीत. दिवा हिरवा होईपर्यंत तो बघत होता.

मंगळवारी येणार असाल तर हातमोजे आणा. मोलॉय रस्त्यावर वारा फार असतो.